फळ्यावरचे अध्यक्ष

कोल्हापुरात महापौर दरवर्षी नवा. एकाच्या गळ्यातला हार सुकायच्या आत दुसऱ्याची मिरवणूक निघायची. कोल्हापूरपासून एस.टी.नं तासाभरावर असलेल्या आमच्या गावात मात्र नव्वदनंतरची जवळजवळ दहा वर्षं नगरपालिका एकाच माणसाच्या हातात होती. त्यामुळे त्यांचं नाव घ्यायची कुणाला गरजच पडत नसे. नुसतं 'अध्यक्ष' म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा बाजारपेठेतल्या भुसारी दुकानाकडे बोट दाखवायचं.

मी त्या गावात हायस्कूलला चित्रकला शिकवायचो. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत कोण विचारतो? गणिताचा पोर्शन राहिला की पहिला बळी माझ्या तासाचा. पण गावात मला मान होता, तो माझ्या अक्षरामुळे. आमच्याकडे तालीम म्हटली की तिच्या भिंतीवर एक काळा फळा आलाच. कोण वारलं, कुणाची निवड झाली, कुस्त्यांचं मैदान कधी आहे, सगळं गाव त्या फळ्यावर वाचतं. आमच्या तालमीचा फळा ऐन बाजाराच्या तोंडाला होता आणि तो मी लिहायचो. मला कुणी नेमलं नव्हतं. एकदा कुणाच्या तरी निधनाची बातमी लिहून दिली, लोकांनी अक्षराचं कौतुक केलं आणि मी त्या कौतुकाला चिकटलो तो चिकटलोच. गावात कुणी वारलेलं नसेल, कुणी निवडून आलेलं नसेल, अशा दिवशी फळा मोकळा ठेवायचा नाही म्हणून मी अध्यक्षांवर लिहायचो.

माणूस निवडला गेला तोच मुळी अपघातानं. नगरसेवकांचे दोन गट, दोघांची ताकद सारखी, आणि एकाचं तोंड दुसऱ्याला बघवत नव्हतं. शेवटी दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. बाजारपेठेच्या वॉर्डातून आलेला हा धान्याचा व्यापारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून त्याला वर्षभरासाठी खुर्चीवर बसवलं. वर्ष संपलं तरी भांडण संपलं नाही, म्हणून पुन्हा त्यालाच बसवलं. असं करता करता गटवाल्यांचे केस पांढरे झाले आणि अध्यक्ष तिथेच राहिले.

त्यांचं कामाचं एक वेगळंच तंत्र होतं. सकाळी साडेसहाला कपाळावर विभूती लावून, धोतराचा सोगा हातात धरून ते घरातून निघत. दुसऱ्या हातात वेताची काठी. ती आधारासाठी नव्हती, गटारीसाठी होती. प्रत्येक गल्लीच्या कोपऱ्यावर थांबायचं, गटारीत काठी उभी घालायची आणि गाळ कुठवर लागला ते बघायचं. गाळ चार बोटांच्या वर असला की मुकादमाच्या दारात जाऊन हाक मारायची. अशी पाऊण तास फेरी झाली की ते आमच्या फळ्यापुढे येऊन उभे राहत. अथपासून इतिपर्यंत सावकाश वाचत. मग समोरच्या हॉटेलात चहा घेत आणि दुकान उघडायला जात. स्वतःवरची टीका रोज सकाळी उभ्यानं वाचणारा दुसरा पुढारी मी पाहिला नाही.

एका पावसाळ्यात स्टँडसमोर मोठा खड्डा पडला होता. मी फळ्यावर लिहिलं, 'या तळ्यात मासे सोडावेत, नगरपालिकेची चार माणसं तरी कामाला लागतील.' दुसऱ्या दिवशी खड्डा मुरूम टाकून बुजवलेला. मी शाळेला निघालो होतो, तर हॉटेलातून अध्यक्षांची हाक आली.

"मास्तर, जाळं आनलंय का? मासं कुटं दिसंनात!"

सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो, पण मनातून जरा चरफडलो. टीका करणाऱ्याला समोरचा चिडावा असं वाटत असतं. हा माणूस चिडतच नव्हता.

टीका सगळी खोटी होती असंही नाही. त्यांनी सख्ख्या पुतण्याला पाणीपुरवठ्यात चिकटवलं होतं. त्यावर मी लिहिलं तेव्हा ते मला म्हणाले, "व्हय, लावलाय. पानी सोडत नसंल तर सांगा, कान धरतो." कान धरायचा प्रश्न नव्हता, लावायचाच प्रश्न होता, हे त्यांना कधी पटलं नाही. सर्वसाधारण सभा ते दहा मिनिटांत आटपत. नवीन पोरांना पुढे येऊ देत नसत. शेजारच्या गावांनी कारंजी केली, बागा केल्या, कमानी उभ्या केल्या, आणि आमचे अध्यक्ष आपले काठीनं गटारी मोजत फिरत होते. 'दहा वर्षांत दृष्टी गटारीपलीकडे गेली नाही' हे माझं वाक्य गावानं उचलून धरलं होतं, आणि त्यात तथ्य होतं असं मी आजही म्हणेन.

मधे एकदा खुर्ची बायकांसाठी राखीव झाली. अध्यक्षांनी शेजारच्या वॉर्डातून निवडून आलेल्या आपल्या बायकोला उभं केलं, आणि त्या, म्हणजे गावाच्या वहिनी, अध्यक्ष झाल्या. सही त्यांची, बोलणं यांचं. मी फळ्यावर चित्रच काढलं, एकच खुर्ची, वरती वहिनी बसलेल्या, आणि खुर्चीच्या मागून दोन हात आणि एक काठी बाहेर आलेली. हे चित्र बघायला लोक पलीकडच्या पेठेतून आले. मी तीन दिवस ते पुसलं नाही.

वहिनी घरात कानडी बोलायच्या, मराठी जरा अडखळत. सभेत त्या गप्प बसत, त्यामुळे आम्ही त्यांना हिशेबातच धरत नव्हतो. पण त्या वर्षात एक गोष्ट घडली. गावातल्या बायकांना नगरपालिकेत जायची सवय नव्हती, पण वहिनींच्या स्वयंपाकघरात जायला कुणाची आडकाठी नव्हती. बाजारात भाजी विकणाऱ्या बायका मागच्या परड्याच्या दारानं आत जाऊ लागल्या. तिथे काय बोलणं व्हायचं ते आम्हा पुरुषांना कळायचं कारण नव्हतं. वहिनींची मुदत संपली, अध्यक्ष पुन्हा खुर्चीवर आले आणि आल्या आल्या त्यांनी ठराव मांडला, आठवडी बाजाराशेजारी बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायचं.

जागा एकच मोकळी होती, आमच्या तालमीला लागून.

आम्ही पेटलोच. तालमीत मारुती, तालमीत लाल माती, आणि भिंतीला भिंत लावून संडास? वस्तादांनी सांगितलं, हे होऊ देणार नाही. खरं कारण वेगळं होतं, ते आता सांगायला हरकत नाही. त्या जागेत आमच्या मंडळाचा गणपती बसायचा. मांडव मोठा, पुढे लेझीम खेळायला ऐसपैस जागा. ती गेली तर पलीकडच्या पेठेचा गणपती आमच्यापेक्षा मोठा दिसला असता. पण हे कारण फळ्यावर लिहिण्यासारखं नव्हतं. म्हणून मी दुसरं लिहिलं.

'पैलवानांना जाहीर सूचना. यापुढे तालमीत येताना लंगोटाबरोबर नाकाला बांधायचा रुमालही आणावा. हुकमावरून, संडास-अध्यक्ष.'

दहा वर्षांत माझं लिहिलेलं इतकं जोरात काही चाललं नव्हतं. सकाळी नऊपर्यंत ते वाक्य स्टँडवर पोचलं, दुपारी एस.टी.नं शेजारच्या गावात गेलं. पोरं अध्यक्षांना बघून नाकाला रुमाल लावू लागली. तेवढ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली, आणि या वेळी पहिल्यांदाच नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. म्हणजे गटवाल्यांच्या भांडणाचा आधार गेला. अध्यक्षांना गावापुढे उभं राहायचं होतं, आणि गाव तर हसत होतं.

गुरुवार आमच्या गावचा बाजार. माझी आई दर गुरुवारी मळ्यातनं भाजीचं टोपलं घेऊन बाजारात बसायची. मी मास्तर झाल्यावर तिला कितीदा सांगितलं, आता बस कर, बरं दिसत नाही. ती म्हणायची, "तुजा पगार तुज्याजवळ, माजी मेथी माज्याजवळ." त्या गुरुवारी बाजार उठल्यावर ती माझ्या खोलीवर आली. खोली हायस्कूलकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. एवढं चालून ती सहसा येत नसे. टोपलं दारात ठेवलं, आत आली आणि बसली नाही.

"फळ्यावरचं तूच लिवलंस न्हवं?"

"व्हय. का?"

"बाया वाचून दावत हुत्या. हसत हुती समदी." "आमी सकाळी सातला येऊन बसतो. घरातनं निगताना चा घेत न्हाय. दुपारी भाकरी कोरडी खातो. पानी नुसतं तोंड वलं करन्यापुरतं. का ते ठावं हाय का तुला?"

मला ठाऊक नव्हतं. लहानपणापासून मला वाटायचं की गुरुवारी आईचा उपास असतो. गुरुवार दत्ताचा वार, त्यामुळे शंका यायचंही काही कारण नव्हतं. शाळेत असताना मी निबंधातसुद्धा लिहिलं होतं की माझी आई दर गुरुवारी कडक उपवास धरते, पाणीही पीत नाही.

"कसला उपास?" आई म्हणाली. "पयलं वड्याकडं बाभळी हुत्या. आता तितं समदे प्लॉट पडलं. जायाचं कुटं बाईमानसानं? पोटात कळ आली तरी दात खाऊन बसायचं. मागल्या म्हैन्यात एक म्हातारी बसल्या जाग्यावर भिजली, आनि लाजंनं उठंना. बाजार मोडूस्तवर बसली तशीच." तिनं उरलेली मेथीची जुडी माझ्या टेबलावर ठेवली. "लई झ्याक लिवतोस तू."

एवढं बोलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओलं फडकं घेऊन फळ्याकडे गेलो. पुसायचंच असं ठरवून गेलो होतो. तिथे तालमीतली पाच-सहा पोरं अंगाला माती लावून उभी होती. मला बघताच एकानं पाठीवर थाप मारली. "मास्तर, एक नंबर! त्ये वाक्य निवडणुकीपत्तुर हलवायचं न्हाय." मी फडकं फळ्यावर टेकवलं. माझ्या हातात फडकं होतं, आईचे शब्द कानात होते, आणि पाठीमागे पोरं कौतुकानं बघत होती. मी कोपऱ्यातली कालची तारीख पुसली, तिथे आजची घातली आणि शाळेला निघून गेलो.

याला मी पुढे बरीच कारणं शोधली. फळा तालमीचा आहे, माझ्या एकट्याचा नाही. एका वाक्यानं काय होतंय? निवडणूक काय फळ्यावर जिंकतात? पण खरं सांगायचं तर मला माझं वाक्य आवडलं होतं. दहा वर्षं मी ज्या माणसाला चिडवू पाहत होतो तो पहिल्यांदा घायाळ झाला होता, आणि ते मला सोडवत नव्हतं.

अध्यक्षांची शेवटची सभा बाजारपेठेच्या चौकात झाली. आमची पोरं पुढेच उभी. अध्यक्ष बोलायला उठले तसे सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले आणि "संडास, संडास" म्हणून ओरडायला लागले. मी मागे पानपट्टीजवळ उभा होतो. अध्यक्षांनी माइकवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. ओरडा थांबल्यावर म्हणाले, "व्हय. निवडून आलो तर पयला त्योच बांदनार. न्हाय आलो तर तुमी बांदा, पर बांदा." मग पाण्याची टाकी, रस्ते वगैरे जे बोलायचं ते बोलून खाली बसले. भाषण नेहमीसारखंच कंटाळवाणं होतं.

ते पडले. थोडक्यात नाही, चांगले पडले. नव्या अध्यक्षांची मिरवणूक आमच्या तालमीवरून गेली, गुलाल माझ्याही अंगावर पडला. नव्या मंडळींनी बसल्या बसल्या स्वच्छतागृहाचा ठराव रद्द केला. तालमीशेजारच्या जागेला तारेचं कुंपण झालं आणि गणपतीचा मांडव वाचला.

अध्यक्षांचं सकाळचं फिरणं बंद झालं. गटारी कुणी बघेना, तुंबायला लागल्या. त्यावर मी फळ्यावर काही लिहिलं नाही. नवे अध्यक्ष आमचे होते.

महिना-दीड महिना गेला असेल. एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती. मी बाजाराच्या मागच्या बोळातून चाललो होतो, तर पुढे बायकांची रांग दिसली. भाजीवाल्या, मिरचीवाल्या, एक-दोन बांगडीवाल्या. रांग अध्यक्षांच्या परड्याच्या दारात शिरत होती. मला वाटलं घरात काही बरं-वाईट झालं. मी रांगेच्या कडेनं दारापर्यंत गेलो आणि आत पाहिलं.

परड्यात जुना संडास होताच. त्याच्याशेजारी नवे पत्रे ठोकून आणखी दोन आडोसे उभे केले होते. वहिनी दाराशी स्टूल टाकून बसल्या होत्या आणि येणारीला कानडीत "बर्री, बर्री", या, या, म्हणत आत घेत होत्या. पलीकडे आडावर अध्यक्ष. अंगात बंडी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. रहाटानं पाणी काढून पिंपात ओतत होते. सत्तरीला आलेला माणूस, दम लागला होता. ज्याच्या हातानं दहा वर्षं गावाचे ठराव मंजूर झाले तो माणूस बायकांच्या संडासाला पाणी भरत होता, आणि कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

मला बघून ते थांबले. "या मास्तर. फळा सोडून इकडं कुटं वाट चुकला?"

मी आत गेलो. आडाजवळ उभा राहिलो. म्हणालो, "अध्यक्ष, चुकलं माझं."

"कशाचं चुकलं? लिवनं तुमचं काम हाय." त्यांनी बादली आडात सोडली. "अक्षर बाकी देखनं. पर त्यातली एक गोस्ट खोटी हुती, तेवडं सांगतो. संडास माजा न्हवता. मला बापड्याला काय कळतंय त्यातलं? बायका आल्त्या हिच्याकडं, ही अध्यक्ष हुती तवा. म्हाताऱ्या आल्त्या, पोटुशी पोरी आल्त्या. त्यास्नी घेऊन तुमची आई आल्ती."

"माझी आई?"

"मग कोन? तिनंच समदं सांगितलं हिला. ही रडली, आनि मला म्हनली, गटारी ऱ्हाऊ द्या, ह्ये करा आदी."

मला चौकातली ती सभा आठवली. रुमाल लावलेली पोरं, माइकवर ठेवलेला हात. हा माणूस तेव्हा एवढंच म्हणाला असता की हा संडास तुमच्या मास्तरच्या आईनं मागितलाय, तर पोरांचे रुमाल खाली आले असते आणि माझं तोंड जन्माचं बंद झालं असतं. कदाचित खुर्चीही राहिली असती.

"सभेत सांगितलं का नाही अध्यक्ष?" मी विचारलं. "एक वाक्य पुरलं असतं."

दहा वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत राग दिसला.

"आई म्हंजे काय प्रचाराचा मुद्दा हाय व्हय, मास्तर?"

ते पुन्हा रहाट ओढू लागले. मी त्यांच्या हातातून दोर घ्यायला पुढे झालो, तो त्यांनी मुकाट्यानं सोडला आणि आडाच्या कट्ट्यावर टेकले. मी पाणी काढत राहिलो. माझ्या शुभ्र शर्टाच्या बाह्या भिजल्या. दारातून आत येणाऱ्या बायका मला बघून कुजबुजत होत्या, हायस्कूलचं चित्राचं मास्तर न्हवं का ह्ये?

तेवढ्यात दारातून आई आत आली.

मी मास्तर झाल्यापासून बाजारात, चारचौघांत, ती मला ओळख देत नसे. माझ्या शाळेतली माणसं बाजाराला आलेली असायची. मळकं लुगडं नेसून जमिनीवर बसलेली भाजीवाली मास्तरची आई आहे हे त्यांना कळू नये, याची काळजी ती परस्पर घ्यायची. मी तिला तसं कधी सांगितलं नव्हतं. तसं करू नकोस, असंही सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही तिनं मला पाहिलं, पदर कपाळावर पुढे ओढला आणि कुणी परका माणूस पाणी भरतोय अशा बेतानं मान वळवून रांगेत पुढे सरकली.

आयुष्यभर मी चांगल्या अक्षरात दुसऱ्यांबद्दल लिहीत आलो होतो. माझ्या हातातला दोर सुटला, बादली धाडकन आडात गेली. त्या सगळ्या बायकांसमोर, अध्यक्षांसमोर, वहिनींसमोर मी मोठ्यानं हाक मारली.

"आई!"

सगळ्या वळल्या. आईनं पदर मागे सारला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.

"वराडतोस कशाला? हाय की हितंच. बादली काड आदी, बायका खोळंबल्यात."